जाहिरातींचे फोटो व्यावसायिक लोक नेमके कोणत्या कॅमेऱ्यावर काढतात?

हुपरीवाट

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर भागात लग्नाचे फोटो काढतो. कॅनन आर६ मार्क टू आहे, २४-७० आणि ८५ या लेन्स आहेत. हुपरीच्या एका चांदी कारखानदारांनी पैंजण आणि जोडव्यांच्या कॅटलॉगचं काम दिलंय. त्यातलाच एक फोटो हायवेवरच्या ४० बाय २० फुटी होर्डिंगवर जाणार आहे. मित्राचं म्हणणं, जाहिरातीला मीडियम फॉरमॅटच (म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) लागतो. त्यातलाच एक वापरलेला फुजी जीएफएक्स मिळतोय, कर्ज काढून घे म्हणतो. मुंबईतले जाहिरातवाले खरंच काय वापरतात? प्रत्यक्ष शूटवर काम केलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

सावलीरेषा

कर्ज काढू नका, हे आधी सांगते. बाकीचं सविस्तर.

मी मुंबईत जाहिरातींच्या शूटवर आधी असिस्टंट होते, नंतर डिजिटल ऑपरेटर. कॅमेऱ्यातून केबलने लॅपटॉपवर येणारी प्रत्येक फ्रेम शार्पनेस, एक्स्पोजर आणि रंगासाठी तपासायची, हे माझं काम. आता पुण्यात स्वतःचा छोटा टेबल-टॉप स्टुडिओ आहे.

मोठ्या बजेटच्या कामाला फेज वन हा मीडियम फॉरमॅट कॅमेरा यायचा. आयक्यू४ ही त्याची १५० मेगापिक्सेलची बॅक (मागे बसणारा सेन्सरचा भाग) २०१८ मध्ये आली तेव्हा कॅमेऱ्यासकट किंमत पन्नास हजार डॉलरच्या आसपास होती. इतका महाग कॅमेरा विकत घेणारे थोडेच. तो भाड्याने येतो आणि त्याचं भाडं क्लायंटच्या बिलात वेगळ्या ओळीत लागतं. हासेलब्लाडही असाच येतो. २०१९ मध्ये फुजीचा जीएफएक्स १०० आला आणि शंभर मेगापिक्सेल बऱ्याच जणांच्या आवाक्यात आले. तरी कपड्यांचे कॅटलॉग, खाद्यपदार्थ, ई-कॉमर्स अशी रोजची कामं मी ज्या सेटवर पाहिली, तिथे बहुतेक फुल फ्रेमवरच (तुमच्या आर६ एवढ्या सेन्सरवर) चालायची: कॅनन ५डीएस आर, नंतर आर५, निकॉन डी८५०, सोनी ए७आर. आणि गाड्या किंवा फर्निचरच्या जाहिरातींत तर कित्येकदा कॅमेराच नसतो, सगळं कॉम्प्युटरवर उभं केलेलं असतं.

मग मीडियम फॉरमॅटचे पैसे कशाचे मोजतात? सेन्सर मोठा, हे आहेच. जीएफएक्सचा ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटर, म्हणजे फुल फ्रेमच्या साधारण पावणेदोनपट. फेज वनचा ५३.४ बाय ४०, जवळपास अडीचपट. त्वचेचा रंग किंवा दारूच्या बाटलीमागची सावली रीटचिंगमध्ये कितीही ताणली तरी फाटत नाही. पण याहून मोठं कारण लीफ शटर, म्हणजे लेन्सच्या आतच बसवलेलं शटर. भर उन्हात मॉडेल उभी आहे, आयएसओ १००, मागचं धूसर हवं म्हणून लेन्सचं छिद्र मोठं, एफ/४. उन्हाच्या हिशोबाने शटर जातं १/१६०० वर. फेज वनच्या लीफ शटर लेन्सवर तिथेही फ्लॅश पूर्ण ताकदीने मिळतो. जीएफएक्सचं शटर कॅमेऱ्याच्या बॉडीत आहे, त्याचा सिंक, म्हणजे फ्लॅश पूर्ण फ्रेमभर मिळेल असा सगळ्यात वेगवान शटर स्पीड, १/१२५. त्यापुढे उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, नाहीतर हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅशची ताकद घालवा. म्हणजे तुमचा मित्र जो कॅमेरा घ्या म्हणतोय, त्यात नेमकी हीच सोय नाही. आणि टेबलावरच्या पैंजणाला ती लागणारही नाही!

आता होर्डिंग. ४० फूट म्हणजे ४८० इंच. तुमची फ्रेम ६००० पिक्सेल रुंद, म्हणजे इंचाला साडेबारा पिक्सेल. ऐकायला फारच कमी वाटतं. पण चांगल्या नजरेच्या माणसालाही शंभर फुटांवरून साधारण एक तृतीयांश इंचाहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही, तिथे इंचाला तीन पिक्सेल पुरतात. हायवेवरून कोणी जवळ येऊन बघत नाही. खरी परीक्षा दुकानातल्या ए३ पोस्टरची, कारण बायका तो हातभर अंतरावरून बघतात. ३०० डीपीआयला त्याला ४९६० बाय ३५०८ पिक्सेल हवेत. तुमच्याकडे आहेत, फक्त फ्रेम घट्ट धरा, नंतर क्रॉप करायला फारशी जागा नाही.

पैसे घालायचेच तर अगदी जवळून काढता येणारी १००ची मॅक्रो लेन्स घ्या किंवा भाड्याने आणा. २४-७०ने जोडव्याची घडण दिसणार नाही.

चारबायपाच

फिल्मच्या काळात मी प्रॉडक्टची कामं सायनार या मोठ्या स्टुडिओ कॅमेऱ्यावर केली. फोर बाय फाइव्ह इंचांची शीट फिल्म, एका वेळी एकच फ्रेम, आधी पोलरॉइडवर टेस्ट आणि मग ट्रान्सपरन्सी (स्लाइडसारखी पारदर्शक फिल्म). त्या कॅमेऱ्याचं मोल फिल्मच्या आकारापेक्षा भात्यात, म्हणजे लेन्स आणि फिल्ममधल्या घड्यांच्या लवचिक भागात होतं. लेन्स तिरकी केली की तिरप्या ठेवलेल्या घड्याळाची पूर्ण तबकडी फोकसमध्ये यायची, छिद्र फार लहान न करता. आज तेच काम कॅननच्या ९०च्या टिल्ट-शिफ्ट मॅक्रोने, म्हणजे तिरकी करता येणाऱ्या लेन्सने होतं. अ‍ॅडॉप्टर लावून तुमच्या बॉडीवर बसते. पैंजण टेबलावर आडवं पसरून काढणार असाल तर मॅक्रोऐवजी हीच भाड्याने आणून बघा.

सावलीरेषा

काकांशी सहमत, पण हुपरीवाट यांना टिल्टचा हात बसेपर्यंत फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम काढून नंतर एकत्र जोडणं, सोपं पडेल. अशा फ्रेम आपोआप काढणारं फोकस ब्रॅकेटिंग तुमच्या कॅमेऱ्यात आहे. ट्रायपॉड, एफ/८, चांगला एलईडी लाइट. दागिना हलत नाही, त्यामुळे शटर हळू असलं तरी चालतं. एफ/२२ वर नेऊन सगळं एका फ्रेममध्ये पकडायला जाऊ नका, फार लहान छिद्रातून प्रकाश पसरतो, त्या डिफ्रॅक्शनने घुंगरांच्या कडा मऊ पडतात.

चांदी म्हणजे आरसा. तिच्यावर दिसतं ते तुम्ही भोवती काय ठेवलंय ते. दोन्ही बाजूंनी आणि वरून ट्रेसिंग पेपर ताणा, लाइट त्याच्या बाहेर ठेवा. एवढ्याने दागिना पांढराफटक, सपाट दिसेल. मग काळ्या कार्डाच्या बोटभर पट्ट्या पेपरच्या आत, दागिन्याजवळ सरकवत जा. प्रत्येक कडीला गडद कड मिळाली की धातूला गोलाई येते. माझा अर्धा दिवस या पट्ट्यांतच जातो आणि मला तो भाग सगळ्यात आवडतो. पोलरायझर फिल्टरने चकाकी जाईल या भरवशावर राहू नका. काचेवर, पाण्यावर तो उपयोगी पडतो, उघड्या धातूवरचं साधं प्रतिबिंब त्याने जात नाही.

हुपरीवाट

ताई, काका, खूप आभार. मित्राला कळवलं. अजून एक विचारतो: कारखानदार स्वतः शूटला येऊन बसणार आहेत. त्यांना कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दाखवत बसायचं का?

सावलीरेषा

अजिबात नको. केबल लावून थेट लॅपटॉपवर दाखवा. कॅननची ईओएस युटिलिटी फुकट आहे, सुरुवातीला पुरते. मोठ्या शूटवर हेच काम कॅप्चर वन या सॉफ्टवेअरवर चालतं. केबलचं टोक ट्रायपॉडच्या पायाला टेपने बांधा, कुणाचा पाय अडकला तर पोर्ट तुटायला नको. पहिल्या फ्रेममध्ये कलर चेकर (ठरलेल्या रंगांच्या चौकोनांचं कार्ड) ठेवा, म्हणजे चांदी निळसर की पिवळसर हा वाद तिथेच मिटेल. दागिने त्याच सकाळी पॉलिश करून मागवा आणि सुती हातमोजे घालूनच हाताळा, बोटांचे ठसे मॅक्रोमध्ये फार दिसतात.

लेन्सचं भाडं बिलात वेगळं लिहा, त्यात संकोच नको. आणि होर्डिंगच्या छपाईवाल्याकडून आधी दोन-तीन फुटांचा तुकडा पूर्ण मापात छापून घ्या, कारखान्याच्या गेटवर लावा आणि कारखानदारांना रस्त्याच्या पलीकडून दाखवा.