मदत हवी आहे: नवकंकरीचा डाव मधेच अडतो, नक्की काय चुकतंय?

मुलांना सुट्टीत नवकंकरी, हा दोघांचा पटावरचा खेळ, शिकवायची आहे. एकात एक तीन चौकोन, बाजूंच्या मध्यांवर जोडरेघा, कोपऱ्यांत तिरप्या रेघा, प्रत्येकी १२ खडे. सगळे मांडून झाले की हलायलाच जागा उरत नाही. आणि कधी तीन खड्यांची ओळ जुळली की तोच गडी एक खडा पुढे-मागे सरकवत दर खेळीला समोरच्याचा खडा उचलतो. जुळलेल्या ओळीतला खडा उचलता येतो का?

प्रतिसाद १
घोळ पटात आहे. तिरप्या रेघा आणि १२-१२ खडे हा वेगळा खेळ. दक्षिण आफ्रिकेत त्याला मोराबाराबा म्हणतात. कोपरे आणि बाजूंचे मध्य मिळून बिंदू २४ आणि खडेही २४, म्हणजे मांडताना एकही उचलला गेला नाही तर पट गच्च भरणारच. नवकंकरीत नावाप्रमाणे नऊच खडे, १८ मांडून ६ जागा मोकळ्या. तिरप्या रेघा पुसा. चौकोन ३०, २० आणि १० सेंमीचे काढा; एकाला चिंचोके, दुसऱ्याला पांढरी बटणं छान बसतात. जोडरेघा सगळ्यांत आतल्या चौकोनापाशी थांबवा. मध्यापर्यंत नेल्या तर पट बिघडतो.

जुळलेल्या ओळीतला खडा सुरक्षित. समोरच्याचे सगळेच खडे ओळींत असतील तरच त्यातला उचलायचा.

प्रतिसाद २
पुढे-मागेचं कारण बघा. बाहेरच्या चौकोनाच्या वरच्या बाजूचे दोन्ही कोपरे आणि मधल्या चौकोनाचे वरचे दोन्ही कोपरे एकाकडे आहेत. पाचवा खडा या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंत सरकला की दर वेळी नवी ओळ. तो मधल्या चौकोनात उतरला की बाहेरचा मध्यबिंदू रिकामा होतो खरा, पण त्याचे तिन्ही शेजारी त्याच गड्याचे! सरकत तिथे पोचायला वाटच नाही. म्हणून उपाय मांडतानाच करायचा: असे दोन-तीन कोपरे जमताना दिसले की मधल्या चौकोनाच्या त्या मध्यबिंदूवर आपला खडा ठेवा. तिथून चार वाटा फुटतात, कोपऱ्यातून दोनच. नवशिके कोपरे भरतात आणि स्वतःच कोंडले जातात. हलता आलं नाही तर हार, दोनच खडे उरले तरी हार.

तीनच खडे उरलेल्याला कुठल्याही रिकाम्या जागी उडी मारू द्या. वरच्या कोंडीतून मग तोच सुटू शकतो. हा नियम सगळ्या घरांत नसतो, डावाआधी ठरवा. एका खेळीत दोन ओळी जुळल्या तर खडा एकच की दोन, तेही.

प्रश्नकर्ता
पट बदलला, डाव मोकळा झाला. आता तीन-तीन खडे उरले की संपतच नाही.

प्रतिसाद २
दोघंही उडी मारत असतील तर असं होतंच. संगणकतज्ज्ञ राल्फ गॅसर यांनी १९९३ मध्ये संगणकावर हा खेळ सोडवला. दोघंही बिनचूक खेळले तर बरोबरीच. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत सोडा.