'इरॅडिएशन ग्रोथ'ला मराठीत काय म्हणावं?

पानफुटी: अणुभट्टीतल्या नळ्यांवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. 'झिर्कोनियम मिश्रधातूत इरॅडिएशन ग्रोथ होते' याचं 'किरणोत्सर्गाने नळी फुगते' असं केलं होतं, तर तपासणाऱ्यांनी 'फुगते' खोडलं. 'वाढते' लिहावं तर क्रीप (ताणाखाली धातूचं हळूहळू ताणलं जाणं) आणि स्वेलिंगलाही (फुगणं) तेच लागू पडतं. तिन्ही वेगळे कसे दाखवायचे?

लोहभस्म: खोडलं ते बरोबरच. स्वेलिंगमध्ये धातूच्या आत पोकळ्या होऊन आकारमान वाढतं. स्टेनलेस स्टीलमध्ये ते दिसतं, झिर्कोनियममध्ये नगण्य. ग्रोथमध्ये आकारमान तेवढंच राहतं आणि बाहेरचा ताण नसतानाही वस्तू एका दिशेने लांबते, दुसरीकडे आखडते. झिर्कोनियमचा स्फटिक षट्कोनी आहे: त्याच्या उभ्या अक्षाची ती सी-दिशा, आडव्या त्या ए-दिशा. न्यूट्रॉनच्या धडकेने उडालेले अणू आणि मागे उरलेल्या रिकाम्या जागा त्यात सगळ्या दिशांना सारख्या सरकत नाहीत. प्रिझम प्रतलांवर, म्हणजे षट्कोनाच्या बाजूंना, ए-लूप (चकतीसारखे दोष) तयार होतात, त्यांत जादा अणू बसतात. रिकाम्या जागा बेसल प्रतलावरच्या, म्हणजे तळाला समांतर अशा, सी-लूपमध्ये किंवा धातूतल्या स्फटिककणांच्या सीमांवर जातात. म्हणून ए-दिशा लांबते, सी-दिशा आखडते. नळी घडवताना बहुतेक स्फटिककणांचा सी-अक्ष आडवा, परिघाच्या दिशेला वळलेला असतो, त्यामुळे नळी लांबीत वाढते. 'लांबण' लिहा.

पानफुटी: पण तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसारख्या जडपाणी भट्ट्यांत नळीचा व्यासही वाढतो ना? मग 'फुगणे' चुकीचं कसं?

लोहभस्म: तो मुख्यतः क्रीप. आत साधारण १०० वातावरणांचा दाब असतो. न्यूट्रॉनच्या माऱ्यात त्या ताणाने झिर्कोनियम-२.५ टक्के नायोबियमची नळी रुंद होते, भिंत पातळ होते. मग शीतक (उष्णता वाहून नेणारा द्रव) इंधनाच्या जुडग्यातून न जाता वरच्या फटीतून निसटतो. पोकळ्यांचा इथे संबंध नाही.

शब्दरक्षक: 'किरणोत्सर्गाने' हेही चूक. किरणोत्सर्ग करणारा पदार्थ वेगळा, मारा झेलणारा वेगळा. 'न्यूट्रॉनच्या माऱ्याने' लिहा. ग्रोथला 'प्रारण-दीर्घीभवन', क्रीपला 'विसर्पण'. ठरलेले संस्कृत शब्द असताना 'लूप' कशाला? 'पाश' म्हणा.

कणसीमा: 'पाश' बांधतो, हे लूप तर अणूंच्या एका चकतीची कड आहे. 'वलय' चालेल. पण त्याआधी 'विस्थापन' आवरा. डिसप्लेसमेंट आणि डिसलोकेशन दोघांनाही तेच वापरलं तर वाक्य कोसळतं. '१ डीपीए' (डिसप्लेसमेंट्स पर ॲटम) म्हणजे सरासरीने प्रत्येक अणू एकदा जागेवरून उडाला, तेव्हा ते विस्थापन. डिसलोकेशनला, म्हणजे स्फटिकातल्या रेषेसारख्या दोषाला, 'स्थानभ्रंश' ठेवा. उडालेल्या अणूंपैकी बहुतेक लगेच रिकाम्या जागांत परततात, उरलेल्यांची ही वलयं. ए-वलयं माऱ्याच्या सुरुवातीलाच दाटतात, धातू कडक आणि कमी तन्य होतो आणि मग ते जवळपास थांबतं. सी-वलयं उशिरा येतात: मऊ केलेल्या झिर्कॅलॉय या झिर्कोनियम मिश्रधातूमध्ये जलद न्यूट्रॉनचा मारा चौरस मीटरला ३ गुणिले दहाच्या पंचविसाव्या घाताच्या आसपास गेल्यावर. तेव्हा लांबण अचानक वेग घेते.

लोहभस्म: आणखी एक सापळा. मिश्रधातूत विखुरलेल्या बारीक कणांबद्दल 'लोह-क्रोमियमचे कण विरघळतात' असं वाक्य आलं तर थांबा. झिर्कॅलॉय-४ मध्ये ३०० अंशांच्या आसपास ते कण आधी कडेकडून स्फटिकपण गमावतात, काचेसारखे होतात आणि त्यांतलं लोह भोवतीच्या धातूत झिरपतं. विरघळणं त्यानंतरचं.

शब्दरक्षक: मुळात झिर्कोनियमच का? झिर्कोनियमच्या खनिजाला, झिरकॉनला, आपल्याकडे गोमेद म्हणतात. 'गोमेदधातू' म्हणावं.

कणसीमा: नको. सराफ गोमेद म्हणून विकतात तो बहुधा हेसोनाइट, म्हणजे कॅल्शियम-ॲल्युमिनियमचा गार्नेट. त्यात झिर्कोनियम हा घटकच नाही. झिरकॉनचं मूळ फारसी 'झरगून', सोन्याच्या रंगाचा, असं मानतात. आपल्या जरीतला आणि जरतारीतला 'जर' तोच. शब्द आधीच घरचा आहे.

शब्दरक्षक: फारसी म्हणजे घरचा? हे मान्य नाही. जरीला 'सुवर्णतंतू' होताच की.

पानफुटी: 'लांबण' की 'दीर्घीभवन', ते सांगा. मजकूर उद्या द्यायचा आहे.

शब्दरक्षक: दीर्घीभवन.

लोहभस्म: लांबण.