मदत हवी आहे: मश्रूम सॉस दाट करताना क्रीम फाटते

पास्त्यासाठी मी घरी मश्रूमचा क्रीमी सॉस करते. चव उत्तम येते, परंतु शेवटी आटवताना क्रीम फाटून वर तुपकट थर येतो आणि खाली बारीक कण दिसू लागतात.

२०० ग्रॅम बटण मश्रूमला मी एक लहान कांदा, लसूण, थोडे लोणी, अर्धी वाटी व्हेज स्टॉक आणि २०० मिलिलिटर पाकीटबंद फ्रेश क्रीम घेते, ज्यात स्निग्धांश २५ टक्के असतो. मश्रूम रुंद कढईत मोठ्या आचेवर, सुटलेले पाणी आटून सोनेरी रंग येईपर्यंत परतते, त्यामुळे अडचण तिथे नसावी. क्रीम खोलीच्या तापमानाला आणून मंद आचेवर घातले आणि उकळी येऊ दिली नाही, तर ते फाटत नाही, पण सॉस पातळच राहतो. कॉर्नफ्लोअरने तो दाट होतो, मात्र पोत चिकट होतो आणि मश्रूमचा मातकट सुगंध, जो मला या सॉसचा प्राण वाटतो, दबून जातो.

घरात एकाला गहू चालत नसल्याने मैदा वापरता येत नाही, आणि ३५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम आमच्या गावात मिळत नाही. वाईनऐवजी मी एक चमचा लिंबाचा रस, क्रीमच्या आधी, घालते.

याच क्रीमने, स्टॉक आधीच जवळजवळ पूर्ण आटवून आणि क्रीम नंतर केवळ गरम करून, चमच्याला धरेल इतका दाटपणा मिळेल का, आणि लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर घालणे योग्य ठरेल का?