रॉ फोटोचं जेपेग : रूपांतर, धुणं की नुसतं ‘करणं’?

प्रश्न :
कॅमेऱ्यातल्या रॉ फायलींवर (इंग्रजी ‘raw’, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं संस्कार न करता जसंच्या तसं ठेवणाऱ्या फायली) मराठीत एक टिपण लिहिते आहे. ‘कच्चे छायाचित्र’ असं लिहिलं आणि तिथेच अडले. कच्चा रंग म्हणजे जाणारा, कच्ची नोंद म्हणजे पुढे खोडली जाणारी, गणितात कच्चा म्हणजे विचारूच नका! रॉ फाइल तर कॅमेरा देतो त्यातली सगळ्यात भरभक्कम. दुसरं, तिची जेपेग करणे याला ‘रूपांतर’ चालेल ना?

प्रतिसाद :
‘कच्चा’ला एवढं घाबरू नका. कच्चं मडकं आठवा. भाजलेलं नसतं म्हणूनच ते अजून हाताला वळतं. रॉचा अर्थ नेमका हाच आहे.

‘रूपांतर’ मात्र मला खटकतं. एक रूप सोडून दुसरं घेतलं की रूपांतर, आणि रॉला मुळात रूपच नाही. सेन्सरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागावरचा, एकेक ठिपका एकाच रंगाचा उजेड मोजतो. बहुतेक कॅमेऱ्यांत ठिपक्यांवर बेयर यांची रंगीत गाळण्यांची जाळी असते (कोडॅकमधल्या या गृहस्थांच्या जाळीचं पेटंट 1976 चं). तिच्यात दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक तांबडा, एक निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरायचे. ते भरेपर्यंत फाइलीत असतो तो आकड्यांचा तक्ता. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायची रंगांची जुळणी) देखील बाजूला लिहून ठेवलेली सूचना असते, आकड्यांना तिने हात लावलेला नसतो.

आपल्याकडे यासाठी शब्द होता की! ‘रोल धुवायला टाकला’ म्हणायचे ना? निगेटिव्ह जपून ठेवायची आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढायच्या, तसंच हे. अडोबीने 2004 साली आणलेल्या डीएनजी या रॉ फाइलीच्या प्रकाराचं पूर्ण नावही ‘डिजिटल निगेटिव्ह’ आहे. म्हणून माझं मत ‘धुणे’.

प्रतिसाद :
आज ‘फोटो धुतले’ म्हटलं तर मेमरी कार्ड खिशात राहून कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेलं, असंच कुणालाही वाटेल.

आणि ‘रूपांतर’ इतकं टाकाऊ नाही हो. नाटकाच्या बाबतीत आपण भाषांतर आणि रूपांतर वेगळं धरतो. भाषांतरकार मुळाला बांधलेला, रूपांतरकार आपल्या मनाचं घालतो. इथे तेच घडतं. रॉ उघडणारे दोन प्रोग्राम घ्या, एकच रॉ डार्कटेबलमध्ये उघडा आणि रॉथेरपीमध्ये उघडा, काहीही न बदलता जेपेग काढा, दोन्हींचे रंग थोडे वेगळे येतील. मधे कुणीतरी निर्णय घेतलेले असतात.

वाचकाला एवढं मात्र सांगा की हे रूपांतर एकेरी आहे. 14 बिटांच्या रॉमध्ये उजेडाच्या 16,384 पायऱ्या मावतात, नेहमीच्या जेपेगमध्ये दर रंगाला 256. गाळलेल्या पायऱ्या परत मिळत नाहीत. त्यामुळे जेपेग सगळीकडे पाठवा, पण रॉ पुसू नका.

जाता जाता : माझ्या एका मित्राने फाइलीच्या नावातलं ‘एनईएफ’ (निकॉनच्या रॉ फाइलींचं शेपूट) खोडून ‘जेपीजी’ लिहिलं आणि फोटो उघडत नाही म्हणून तक्रार केली. त्याला म्हटलं, बाबा रे, तू नामांतर केलंस, रूपांतर नाही.

प्रश्नकर्ती :
नामांतर टिपणात घेते आहे, हक्क सोडल्याचं समजते!

काल मुद्दाम एक रॉ उघडून बघितली. आधी क्षणभर फोटो चांगला टवटवीत दिसला आणि डोळ्यांदेखत फिका पडला. मला वाटलं, काहीतरी बिघडवलं.

प्रतिसाद (मडकंवाला) :
काही बिघडलं नाही. आधी दिसली ती रॉच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतःच ठेवलेली छोटी जेपेग. मागून आली ती तुमच्या प्रोग्रामने आकड्यांवरून नव्याने मांडलेली प्रतिमा. कॅमेऱ्याच्या पडद्यावरही आपण ती पोटातली जेपेगच बघत असतो. तेव्हा ‘रॉ बघितली’ हे क्रियापदही तपासून घ्या.

धुण्याचा हट्ट सोडतो. पण ‘रूपांतर’ फाइलीला लावा, फोटोला नको. ‘रॉ फाइलीचे जेपेगमध्ये रूपांतर’ ठीक वाटतं. बोलताना ‘रॉवरून जेपेग काढली’ म्हणा. प्रत काढतो, नक्कल काढतो, तसंच. त्या ‘वरून’मध्ये मूळ जागच्या जागी राहिल्याचं आपोआप येतं.

प्रश्नकर्ती :
‘काढली’ की ‘काढला’?

प्रतिसाद :
फाइल मनात असेल तर काढली, फोटो असेल तर काढला. आमच्या घरात दोन्ही चालतात आणि भांडण होत नाही.