ड्रोनआधी बुंधे पाहा

ड्रोनमधून बिया टाकून उजाड डोंगर हिरवे करावेत, असं काही जण सुचवतात. ही सूचना मनापासून आलेली आहे, पण मला ती पटत नाही. उघड्या मुरमाड उतारावर पडलेलं बी पहिल्याच जोरदार सरीत वाहून जातं, नाहीतर मुंग्या-उंदरांच्या तोंडी जातं. जे रुजतं ते उन्हाळ्यात करपतं किंवा गुरं खातात.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचं उदाहरण बघा. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांना तिथल्या शेतांत झुडपं दिसत होती, ती खरं तर तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांचे फुटवे होते. शेतकऱ्यांनी दोन-चार जोमदार फुटवे राखून बाकीचे छाटायला सुरुवात केली. रोपवाटिका नाही, खड्डे नाहीत. शेतातली झाडंही सरकारच्या मालकीची, ही अडचण हळूहळू सैल झाली, तसा राखणाऱ्यांना हुरूपही आला. सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परतली! आणि तंत्रज्ञान इथेच खरं कामाला आलं: जुनी हवाई छायाचित्रं आणि नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवली, तेव्हा हा विस्तार जगाला दिसला.

आपल्याकडे ऐन, किंजळ ही झाडं तोडल्यावरही बुंध्यातून फुटतात. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर बारकाव्याची चित्रं साधारण दर पाच दिवसांनी फुकट मिळतात. ती पाहून कुठे फुटवा धरतोय, कुठे वणवा गेलाय हे गावाला ठरवता येईल. ड्रोनचे पैसे मी तरी जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) आणि राखणदाराच्या पगारावर खर्च करीन.