अक्यूट आणि क्रॉनिक किडनी फेल्युअर: केअर प्लॅन वेगळा कसा लिहायचा?

प्रश्न: नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन्ही पेशंटना पहिलं निदान 'शरीरात जादा पाणी' हेच लिहिलं, खालची कामंही तीच. मॅडमनी वही परत दिली. चुकलं कुठे?

उत्तर १: निदान बरोबर, कामं चुकली. अक्यूटमध्ये, म्हणजे किडनी अचानक बिघडते तेव्हा, चित्र तासातासाला बदलतं. लघवी दर तासाला मोज, किलोमागे ०.५ मिलीच्या खाली राहिली तर कळव. पुढे लघवी भरपूर सुटली तरी निर्धास्त होऊ नकोस, पाणी आणि पोटॅशियम दोन्ही झपाट्याने उतरू शकतात.

उत्तर २: मी डायलिसिसला असते. क्रॉनिकमध्ये, म्हणजे किडनी हळूहळू कायमची निकामी होते तेव्हा, रोजचं वजन, त्याच वेळी, त्याच काट्यावर. अचानक एक किलो वाढलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी. एका आजोबांचं पाणी अगदी मोजून चालायचं, तरी वजन चढायचं. मग उशाशी वाटी दिसली. दिवसभर बर्फाचे खडे चघळत होते! बर्फही इनटेकमध्ये (पोटात गेलेल्या पाण्याच्या हिशोबात) धरायचा, वितळून साधारण निम्मं पाणी होतं. त्यांना रागावले नाही, तहान खरीच असते हो. वाटी काढली, चूळ भरायला पाणी दिलं. आणि फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हातावर बीपी नाही, डायलिसिसशिवाय दुसरी सुई नाही. बोटं ठेवून थरथर लागते का, रोज बघ.

प्रश्नकर्ती: थरथर लागलीच नाही तर?

उत्तर २: राउंडची वाट बघू नकोस. त्याच क्षणी डॉक्टरांना फोन.