मदत हवी आहे : ग्रंथपालांसाठी लीडरशिप ट्रेनिंग

पानपान: मंडळी, ग्रंथपालांसाठी लीडरशिपचं चांगलं ट्रेनिंग कुठलं? शुक्रवारी फॉर्म बंद होतोय. 'गूगल कर' असं कृपया सांगू नका. सगळ्या साइटवर टाळ्या वाजवणाऱ्यांचे फोटो, अभ्यासक्रमाचा पत्ता नाही.

दप्तरी: कॉलेजचं ग्रंथालय की सार्वजनिक? हाताखाली किती जण? फॉर्म कसला? पैसे कोण भरणार?

शांतता_राखा: कोर्सबिर्स सोडा. एखादा मुरलेला ग्रंथपाल गाठा आणि महिन्यातून तासभर त्याच्यासमोर बसा. मी तेच केलं.

उलटतपासणी: आणि त्याच्या खोडीही उचलल्या असतील! मला बोलमन-डील या लेखकजोडीच्या, संस्थेकडे बघायच्या चार चौकटींचा फार उपयोग झाला: रचना, माणसं, सत्ता, प्रतीकं. आमच्याकडे संध्याकाळी काउंटरवर बसायला कोणी तयार नव्हतं. मी ड्यूटीचा तक्ताच बदलत बसले होते. खरी गोम अशी की काउंटरला बसणं कमीपणाचं मानलं जायचं. म्हणजे दुखणं प्रतीकाचं आणि औषध रचनेचं.

कोहाभक्त: सॉफ्टवेअर कुठलं वापरता? कोहा हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर २००० सालापासून चालू आहे, फुकट आहे. आधी मायग्रेशन करा, नेतृत्वाचं मग बघू.

शांतता_राखा: सॉफ्टवेअरचं कोणी विचारलंय का?

पानपान: कॉलेजचं. इतकी वर्षं कॅटलॉगिंग केलं, आता ग्रंथपाल निवृत्त होतायत आणि खुर्ची माझ्याकडे येतेय. कालपर्यंत ज्यांच्यासोबत साहेबांना नावं ठेवली, त्यांच्या रजा आता मी मंजूर करायच्या! वर बजेट मीटिंगमध्ये जर्नल्स वाचवायची. पैसे संस्था देणार, पण फॉर्मात 'अपेक्षित निष्पत्ती' असा रकाना आहे.

दप्तरी: हे आधी सांगायचं ना! तिथे 'आत्मविश्वास वाढेल' लिहू नका, सगळे तेच लिहितात. 'पुढच्या बजेटला दर डाउनलोडमागे पडणारा खर्च काढून जर्नल्सची यादी मांडणार' असं लिहा. कोर्सवाल्यांना दोनच गोष्टी विचारा: आपल्या ग्रंथालयातलाच प्रश्न घेऊन येता येतं का, आणि नंतर कोणी पाठपुरावा करतं का. ३६० डिग्री फीडबॅक (वरचे, बरोबरीचे, हाताखालचे सगळेच तुमच्याबद्दल लिहितात) असेल तर अहवाल फक्त तुमच्या हातात पडतो का, तेही बघा.

कोहाभक्त: तो डाउनलोडचा रिपोर्ट कोहातून निघेल.

दप्तरी: ई-जर्नल्सचे आकडे प्रकाशकाकडून येतात हो, COUNTER नावाच्या ठरावीक नमुन्यातल्या वापराच्या रिपोर्टमध्ये.

कोहाभक्त: ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथन १९३१ मध्येच सांगून गेलेत, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. लोक बदलायलाच तयार नाहीत.

शांतता_राखा: रंगनाथनांना मध्ये आणू नका. पानपान, स्टाफ किती ते अजून सांगितलं नाहीत. लहान असेल तर ३६० घेऊच नका, कोणी काय लिहिलंय ते भाषेवरूनच कळतं.

पानपान: माझ्यासकट पाच.

उलटतपासणी: मग ३६० नकोच. मंजुरीची सही कोणाची लागते? जुन्या साहेबांची असेल तर ते जायच्या आत घ्या.